एका चुकीची किंमत

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, त्यामुळे बँका बंद. त्या दिवशी जगातल्या २८ देशांमध्ये काही माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डं वापरून पैसे काढू लागली. काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी निघाले, त्यातली काही रक्कम कोल्हापुरातून. सोमवारी, १३ तारखेला, परदेशी व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून खोटे आदेश गेले आणि जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेची शतकाहून अधिक वर्षांची पुण्याई, आणि दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रकमेवर दरोडा.

हा दरोडा ज्या पद्धतीने पडला ती समजून घेण्यासारखी आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र पैसे द्यायचे की नाही हे स्वतः ठरवत नाही. ते बँकेच्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेला विचारतं. स्विच मुख्य संगणकाकडे जाऊन खातं खरं आहे का, पिन बरोबर आहे का, शिल्लक पुरेशी आहे का, हे पाहतो आणि होकार किंवा नकार देतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात घातक सॉफ्टवेअर घुसवून या स्विचच्या जागी स्वतःचा तोतया स्विच बसवला. आता एटीएमचा प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचतच नव्हता. वाटेत बसलेला तोतया प्रत्येक प्रश्नाला 'हो, द्या' असं उत्तर देत होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. ही बहुतेक मंडळी प्रत्यक्ष एटीएमपाशी जाऊन पैसे काढणारी होती.

या सगळ्यात बँकेच्या खातेदारांचं किती नुकसान झालं? काहीच नाही. होकार तोतया देत होता, त्यामुळे कोणाच्याही खात्यातली शिल्लक कमी झाली नाही. भुर्दंड बँकेवर पडला.

ऑनलाइन व्यवहारांची भीती वाटणाऱ्या माणसाने ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बँकेची भिंत फोडून पैसे नेले, तर तो तोटा बँकेचा. पण त्याच पुण्यात एखाद्या निवृत्त शिक्षकाने फोनवरच्या गोड बोलण्याला भुलून ओटीपी सांगितला, तर गेलेले दोन लाख त्याचेच. भिंत फोडायला महिनोन्महिने खपणारी टोळी लागते. माणसाला घाईत पाडायला एक फोन पुरतो. म्हणून रोजच्या फसवणुकीत भिंतीला कोणी हात लावत नाही, दार मालकाकडूनच उघडून घेतलं जातं.

हा फरक कायद्यातही आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेलं एक परिपत्रक प्रत्येक खातेदाराला ठाऊक असायला हवं, आणि ते ठाऊक असलेली माणसं फार थोडी भेटतात. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराचा तोटा कोणी सोसायचा, हे त्यात ठरवून दिलं आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. त्याने कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेत गळती झाली, असं असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तरीही जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा तोटा ग्राहकाकडे येतो. सातव्या दिवसानंतर मात्र त्या त्या बँकेचं धोरण लागू होतं. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि सर्वांत मोलाची तरतूद अशी की चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

आता याच परिपत्रकाची दुसरी बाजू. ग्राहकाने स्वतःच पिन, पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाल्यावरही घड्याळ चालूच असतं. लाजेपोटी रात्रभर गप्प बसलेल्या माणसाला तो गप्पपणा फार महागात पडू शकतो.

यूपीआयच्या बाबतीत दार कसं उघडून घेतलं जातं ते जवळून पाहू. एका गृहिणीने घरातलं जुनं कपाट विकायची जाहिरात टाकली आहे. तासाभरात फोन येतो. बोलणारा स्वतःला लष्करातला म्हणवतो, घासाघीस न करता ८,००० रुपयांना तयार होतो आणि म्हणतो, "मॅडम, आगाऊ पैसे पाठवतोय, फक्त हा क्यूआर स्कॅन करा." ती स्कॅन करते. पडद्यावर एक नाव येतं, खाली ८,००० चा आकडा, त्याखाली तिच्याच बँकेचं नाव आणि मग पिनसाठी चार किंवा सहा रिकाम्या जागा. ज्या पडद्यावर आपल्या बँकेचं नाव आहे आणि पिन मागितला जातो आहे, तो पैसे देण्याचा पडदा असतो. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. पण पलीकडचा माणूस सतत बोलत असतो, "पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील." ऐकणाऱ्या कानामुळे वाचणारा डोळा हरतो.

पैसे मागणारी विनंती पाठवून असेच प्रकार इतके वाढले, की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची सोयच बंद झाली. चांगलं झालं. क्यूआरची युक्ती मात्र शिल्लक आहे, कारण तिथे यंत्रणेच्या दृष्टीने सगळं रीतसर आहे. खातेदाराने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पिनने पैसे दिलेले असतात.

घाईइतकंच दुसरं हत्यार म्हणजे भीती. 'डिजिटल अटक' या नावाने जे काही चालतं, त्यात पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं निघालं, असा फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, पाठीमागे पोलिसांचं बोधचिन्ह, हातात शिक्का मारलेला कागद. फोन ठेवायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, पैसे 'तपासणीसाठी' सरकारी खात्यात भरायचे. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांना अशाच रीतीने सात कोटी रुपयांना लुबाडलं गेलं. त्यांच्यासमोर व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी करण्यात आली होती आणि न्यायासनावर सरन्यायाधीशांचा तोतया होता. शिकलेली, जग पाहिलेली, मोठा कारभार सांभाळलेली माणसं यात सापडतात. त्यामुळे फसलेल्याला 'एवढं कसं कळलं नाही?' असं विचारणं क्रूरपणाचं आहे, शिवाय निरुपयोगीही. त्या दोन-तीन दिवसांत तो माणूस एकटा पाडलेला असतो. भारतातल्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक नाही. मुलं परदेशात आणि आईवडील पुण्या-नाशकात, अशी आज असंख्य घरं आहेत. तिथे एवढं एक वाक्य फोनवर वारंवार बोललं जायला हवं. आणि 'कोणाला सांगू नका' असं कोणी सांगितलं, तर तेव्हाच कोणाला तरी सांगायचं, हेही.

तिसरा मार्ग फोनमध्येच शिरण्याचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहतूक दंडाची पावती येते, फायलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरं असतात. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके हे ॲप असतं. ते बसवलं की येणारे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, दुसरीकडे जाऊ शकतात. आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणाऱ्या ॲपचंही तेच. 'कस्टमर केअर' म्हणून इंटरनेटवर शोधून काढलेला क्रमांक हा भामट्यांचा आवडता सापळा आहे. खरा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो. बँकांनी सेवेसाठीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत, आणि संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असेच असावेत, अशा सूचना २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिल्या. साध्या मोबाइल क्रमांकावरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला त्यामुळे आता सरळ नाही म्हणता येतं.

इतकी सगळी सावधगिरी सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. माणूस कधी ना कधी चुकणार. दवाखान्यात रांगेत उभा असेल, मुलाच्या प्रवेशाच्या धावपळीत असेल, ताप असेल. सदासर्वकाळ सावध राहण्यावर विसंबून पैसा सुरक्षित राहत नाही. एक चूक जास्तीत जास्त केवढ्याला पडेल, हे मात्र प्रत्येकाला आधी ठरवता येतं, आणि ते ठरवण्याची जागा म्हणजे घरचा रोजचा हिशेब.

बहुतेक घरांत पगार, घरखर्च, बचत आणि यूपीआय हे सगळं एकाच खात्यावर चालतं. चहाचे दहा रुपये ज्या खात्यातून जातात, त्याच खात्यात मुलीच्या शिक्षणाचे चार लाख पडून असतात. कोणीही तिजोरी खिशात घालून भाजी आणायला जात नाही. फोनवर मात्र आपण रोज तेच करतो. दुसरं बचत खातं उघडायचं, शक्यतो दुसऱ्या बँकेत, आणि यूपीआयला तेवढंच जोडायचं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यात घरखर्चापुरते, समजा पंधरा-वीस हजार, वळते करायचे. पिन गेला तरी जास्तीत जास्त तेवढेच जातील. याचा दुसरा फायदा अगदी रोजचा आहे. वीस तारखेला त्या खात्यात दोन हजार उरले असतील, तर महिन्याचा हात सैल सुटला हे डायरी न लिहिताही कळतं. हिशेबाची जी शिस्त घराघरांत पाकिटं करून पाळली जायची, ती इथे खात्यांच्या वाटणीने साधते.

मोठ्या खात्याचीही डागडुजी करावी लागते. अनेक बँकांच्या ॲपमधून मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडता येते, ते पैसे बचत खात्यात येतात आणि तिथून बाहेर जातात. ॲपमध्येच 'पूर्वमंजूर' वैयक्तिक कर्जही तयार ठेवलेलं असतं. फोनचा ताबा मिळालेले भामटे आधी ठेव मोडतात, मग कर्ज उचलतात; खातेदाराकडे नसलेले पैसेही गेलेले असतात आणि हप्ते मात्र त्याच्या नावावर. शाखेत जाऊन ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, ते विचारावं. नेट बँकिंगची रोजची मर्यादा दहा लाख कशाला हवी? ती पंचवीस हजारांवर आणून ठेवावी, घराचा व्यवहार असेल त्या दिवशी वाढवावी.

कार्डाच्या बाबतीत हे काम सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रासाठी चालू असतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार, नुसतं टेकवून पैसे देणं, या गोष्टी ग्राहकाने मागून चालू करायच्या असतात आणि त्या कधीही बंद करता येतात, प्रत्येकीची मर्यादा ठरवता येते. परदेशी जायचं नसेल तर ते बटण बंद, एवढंच. क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल वेळेवर भरण्याची ज्यांना खात्रीची सवय आहे, त्यांनी ऑनलाइन खरेदी डेबिट कार्डाऐवजी त्यावर करावी. वाद झाला तर निदान आपल्या खात्यातली शिल्लक आधी जात नाही. पण किमान रक्कम भरून पुढे ढकलणाऱ्यांना हा सल्ला नाही. बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांहून जास्त. एवढी गळती एखाद्या भामट्याच्या तोडीची आहे.

छोट्या गळतीकडेही पाहायला हवं. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा कप्पा असतो. कधीतरी एक रुपयात महिनाभर चित्रपट पाहण्यासाठी दिलेली परवानगी तिथे वर्षभर जिवंत असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा नेहमीच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. २४ तास आधी सूचना येते आणि ती वाचली जात नाही. दिवाळीच्या साफसफाईत हा कप्पाही झाडून काढावा.

पैसा ज्या बँकेत आहे ती बँकच अडचणीत आली तर? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली, आणि त्या धक्क्यातून १९६२ मध्ये ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. एका बांधकाम कंपनीला दिलेली कर्जं हजारो बनावट खात्यांच्या आड लपवली गेली होती. तेव्हा विम्याची मर्यादा एक लाख होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली.

हे पाच लाख एका बँकेतल्या एका ठेवीदारामागे आहेत. त्या बँकेच्या सगळ्या शाखांमधलं बचत, मुदत, आवर्ती आणि त्यावरचं व्याज, सगळं मिळून. दोन शाखांत चार-चार लाख ठेवले तर विमा आठ लाखांचा होत नाही. दोन बँकांत ठेवले तर होतो. आणि पतसंस्थांना हा विमा मुळीच नाही. गावातल्या पतपेढीचा अध्यक्ष ओळखीचा असतो, व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं, इमारत चकाचक असते, म्हणून लोक तिला बँकच समजतात. पतसंस्थेत पैसे ठेवू नयेत असं नाही, पण निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्याला ही गोष्ट ठेवीच्या पावतीआधी कोणीतरी सांगायला हवी.

आता घडू नये ते घडलंच, तर. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला की सर्वांत आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक लावायचा. फसवणुकीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून पाच, पाचांतून वीस, असे ते मिनिटामिनिटाला फुटत जातात आणि शेवटी एटीएममधून रोख बाहेर पडतात. वाटेतली ही बहुतेक खाती कमिशनच्या आमिषाने भाड्याने दिलेली असतात, अनेकदा कॉलेजातल्या मुलांची, आणि पोलीस दारात आले की पहिला आरोपी तोच मुलगा ठरतो. १९३० वर तक्रार नोंदली की संबंधित बँकांकडे सूचना जाते आणि त्या साखळीत जिथे पैसे सापडतील तिथे ते रोखून धरले जातात. पहिल्या तासात फोन आला तर हाती काही लागण्याची आशा जास्त, म्हणूनच पोलीस त्याला 'गोल्डन अवर' म्हणतात. फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक समोर असावा. यूपीआयच्या इतिहासात तो मिळतो.

लगेच बँकेच्या टोल फ्री क्रमांकावर खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. तो क्रमांक आणि त्याची वेळ हाच पुढे पुरावा ठरतो, कारण त्या मिनिटानंतरचा तोटा बँकेचा आहे. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज, दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन. तोंडी 'बघतो साहेब' यावर परत यायचं नाही. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन होतो किंवा साध्या टपालाने पाठवता येतो. अर्जासोबत शिक्का मारलेली ती दुसरी प्रत, १९३० च्या तक्रारीचा क्रमांक आणि बँकेचा मूळ एसएमएस जोडावा. एसएमएस म्हणूनच कधी पुसू नये.